जाब, जबाब आणि जबाबदारी

पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता खेड व मंचर मागें टाकून नारायणगांवाकडे जातो, त्या वाटेवर आंबेगांव तालुक्यांतलें कळंब हें गांव लागतें. घोड नदीच्या खोऱ्यांतला हा मुलूख. उत्तरेस अर्ध्या दिवसाच्या वाटेवर जुन्नर, आणि जुन्नरच्या माथ्यावर शिवनेरी. या टापूंतल्या बोलण्यांत एक शब्द तीन वेगळ्या रूपांनीं ऐकूं येतो. चावडीवर कोणास खडसावून विचारलें म्हणजे त्याला ‘जाब’ विचारला. ठाण्यांत साक्षीदार सांगतो तो ‘जबाब’. आणि घरच्या कर्त्या पुरुषाच्या शिरावर असते ती ‘जबाबदारी’. तिन्ही शब्दांचें मूळ एकच, अरबी ‘जवाब’. म्हणजे उत्तर. ज्याला उत्तर देणें भाग आहे तो जबाबदार, एवढाच या मोठ्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. विचारलेल्या गोष्टीस उत्तर कसें द्यावें, कोणास द्यावें आणि कोठें थांबावें, याचे नियम आपल्या पूर्वजांनीं फार बारकाईनें बसविले होते. ते केवळ शोभेचे नव्हते. त्यांच्यावर कोणाचें वतन, कोणाची अब्रू, आणि एकदां तर एका पेशव्याचा जीवही अवलंबून राहिला.

मराठेशाहींतलें कोणतेंही पत्र हातीं घेतलें कीं प्रथम डोळ्यांत भरतो तो मायना. वडिलांस ‘तीर्थरूप’, बरोबरीच्यास ‘राजश्री’ आणि पुढें ‘गोसावी यांसी’, धाकट्यास ‘चिरंजीव’, सवाष्णीस ‘वज्रचुडेमंडित’, विधवेस ‘गंगाभागीरथी’. लिहिणाऱ्यानें स्वतःकडे नमस्कार घ्यावा, रामराम घ्यावा कीं आशीर्वाद द्यावा, हेंही ठरलेलें असे. या नियमांच्या संग्रहांस मेस्तक किंवा लेखनप्रशस्ती म्हणत, आणि परंपरा त्यांचा आरंभ देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्यापर्यंत नेऊन भिडविते. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यांतही लेखनवर्ग म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. समर्थ रामदासांना दासबोधांत लेखनक्रियेवर एक सबंध समास खर्च करावासा वाटला, यावरून त्या काळीं अक्षर आणि कागद यांना किती मान होता तें दिसतें.

मायना हा मानाचा तराजू होता, हें खरें. पण त्याच तराजूंत जातीची उतरंडही तोलली जाई, हेंही विसरून चालणार नाहीं. कोणी ‘रामराम’ लिहावें आणि कोणी ‘जोहार’ म्हणावें हें गुणावरून ठरत नसे, जन्मावरून ठरे. जुन्या शिष्टाचाराचें कौतुक करतांना पुष्कळ लेखक ही बाजू झांकून ठेवतात. ती झांकण्याचें कारण नाहीं.

मायन्यापेक्षां अधिक विचार करण्यासारखा भाग त्याच्या पुढचा आहे. उत्तर लिहिणारा एकदम आपलें म्हणणें सुरू करीत नसे. आपलें अमुक चंद्राचें पत्र अमुक चंद्रीं पावलें, असें तो आधीं लिही. ‘छ’ हें अक्षर त्या चंद्राच्या तारखेची खूण. मग तुम्हीं अमुक अमुक लिहिलें, असें म्हणून आलेल्या पत्राचा मजकूर थोडक्यांत उतरून काढी. आणि ‘ऐशियास’ या एका शब्दानें वळण घेऊन आपलें उत्तर देई. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापण्यास आरंभ केला. त्या खंडांतून व पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांतून ही ठेवण वाचणाऱ्यास पानोपानीं भेटते. आजच्या वाचकास ही द्विरुक्ति कंटाळवाणी वाटते. स्वतः लिहिलेलेंच परत काय वाचावयाचें?

परंतु तिचा उपयोग मोठा होता. जासुदांची जोडी नद्या, घांट आणि शत्रूचीं ठाणीं ओलांडून जाई. पत्र पोंचेपर्यंत आठ दिवस लागत, कधीं महिना. तेवढ्यांत दुसरें पत्र निघालेलें असे. कोणत्या पत्राचें हें उत्तर, तें न सांगितलें तर वाचणाऱ्याचा घोंटाळा ठरलेला. शिवाय समोरच्याच्या शब्दांचा आपण काय अर्थ घेतला, तें त्याला कळे. चुकीचा घेतला असेल तर पुढच्या पत्रांत तो दुरुस्त करी. म्हणजे भांडणापूर्वीं समजून घेण्याची ही एक सक्तीची पायरी होती. आज ज्यांच्या हातांत क्षणांत निरोप पोंचविणारें यंत्र आहे, त्यांच्यांतले निम्मे तंटे ही पायरी गाळल्यानें होतात, असें कोणी म्हटल्यास तें खोडून काढणें कठीण जाईल.

मामल्याचीं पत्रें असलीं तर उत्तर कलमवार असे. याचें एक उत्तम उदाहरण रायगडचें आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तेथें आला होता. त्यानें वीस कलमांची मागणी पुढें ठेवली. महाराजांच्या वतीनें निराजी पंडितांनीं उत्तर सांगितलें, तें ऑक्झेंडननें आपल्या वृत्तांतांत नोंदविलें आहे. बहुतेक कलमें मान्य झालीं; दोन कलमांवर हरकत निघाली. इंग्रजांचें नाणें राज्यांत चालावें, या कलमावर महाराजांचें म्हणणें असें कीं, आम्ही कोणतेंच नाणें बंद करीत नाहीं, पण ज्यांत रयतेचें नुकसान तें घेण्याची सक्तीही करणार नाहीं. तुमचें नाणें कसास आणि वजनास उतरलें तर तें आपोआप चालेल. फुटून किनाऱ्यास लागलेलीं गलबतें व त्यांतला माल परत द्यावा, हें दुसरें कलम. त्यावर उत्तर आलें कीं, हें कोंकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. शिवाय तुम्हांस ही सवलत दिली तर फ्रेंच आणि डच तीच मागूं लागतील. नकार द्यावा तर असा. प्रश्न उडवून लावला नाहीं, विचारणाऱ्याचा पाणउतारा केला नाहीं. प्रत्येक कलमापुढें होकार किंवा कारणासह नकार.

घरगुती पत्रांतही कलमांची ही सवय उतरली होती. पुत्रशोक व कलह पाहून विटलेल्या गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या होत्या. बाल सवाई माधवरावांस त्यांनीं जें उपदेशपर पत्र पाठविलें, तें दिनचर्येच्या कलमांचेंच आहे. उठावें केव्हां, अभ्यास कसा करावा, वडील माणसांशीं कसें वागावें, हें आजी नातवास एकेक करून सांगते. त्यांत लाड फार नाहींत. पण राज्याच्या धन्यास असें स्पष्ट लिहिणारें घरांत कोणी उरलें होतें, ही त्या मुलाच्या दुर्दैवी आयुष्यांतली एक चांगली गोष्ट म्हटली पाहिजे.

पत्राचा शेवटही ठरलेला. ‘बहुत काय लिहिणें’ असें म्हणून लेखणी आवरावी. राजपत्रावर शेवटीं ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटे. मजकूर येथें संपला, याखालीं एक अक्षरही नवें नाहीं, असा त्या मुद्रेचा अर्थ. लांब पत्राचे कागद एकास एक चिकटवीत, तेव्हां सांध्यावर शिक्का मारीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालतां येऊं नये. राहिलेली गोष्ट नंतर आठवली तर ती मुद्दाम निराळी पुरवणी म्हणून जाई. आपल्या पत्रांतला ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम, तो याच वंशांतला. अगदीं नाजूक गोष्ट असेल तर ती कागदावर घालीतच नसत. ती अमुक इसम मुखवचनें निवेदन करील, एवढेंच लिहीत. लिहिलेलें चार हातांत जातें, हें त्या लोकांस पक्कें ठाऊक होतें.

एवढा बंदोबस्त कां, हें महाराष्ट्रास समजावून सांगावें लागत नाहीं. १७७३ च्या ऑगस्टच्या ३० तारखेस शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांस दिलेल्या चिठींत ‘धरावें’ असें होतें, त्याचें ‘मारावें’ झालें, आणि हें अक्षर आनंदीबाईनें फिरविलें, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती परंपरा आहे, पुरावा नव्हे, हें भान ठेवूनही तिच्यांतलें भय खरें मानावें लागेल. ‘ध’चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार मराठींत रुजला तो उगाच नव्हे. रामशास्त्री प्रभुण्यांनीं पुढें रघुनाथरावास तोंडावर दोषी ठरविलें. सत्ताधीशास जाब विचारण्याचें तें उदाहरण मुलांच्या पुस्तकांतून सर्वांस माहीत आहे.

येथवर दोघांमधील पत्रव्यवहाराची गोष्ट झाली. चारचौघांच्या बैठकींत उत्तर देण्याची रीत याहून अवघड. तिचें जुनें स्थान म्हणजे गोतसभा. जुन्नर हें समूहाच्या शब्दाचें फार जुनें गांव आहे. तेथल्या लेण्यांतील सुमारें अठराशें वर्षांपूर्वींच्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूचें काम करणारे, कांसार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या देणग्यांचे उल्लेख आहेत. श्रेणीनें एकदां पत्करलें म्हणजे ती सर्वांची जोखीम. मराठेशाहींतल्या गोतसभेचें तत्त्वही त्याच जातीचें. पाटिलकीचा वा शिवेचा तंटा पडला म्हणजे देशमुख, देशपांडे, आसपासच्या गांवांचे मोकदम, शेटे-महाजन आणि बलुतेदार देवळांत किंवा नदीकांठीं जमत. निवाड्याचा कागद तो महजर, आणि त्याच्या आरंभीं ‘हाजीर मजालस’ म्हणून जमलेल्यांचीं नांवें लिहीत. कोण उपस्थित होतें तें आधीं, काय ठरलें तें नंतर.

वादी दोन. पहिला अग्रवादी, दुसरा पश्चिमवादी. सभा जो निवाडा करील तो मान्य, असा राजीनामा दोघांनीं आधीं लिहून द्यावयाचा, जामीन द्यावयाचा. मगच तोंड उघडावयाचें. एकानें आपली तकरीर सांगितली कीं दुसऱ्यानें तिच्यावर उत्तर द्यावयाचें. साक्षीदारास त्याचे बेचाळीस पूर्वज स्मरून सत्य सांगावयास लावीत. खोटें बोललास तर ते नरकांत पडतील, ही धास्ती. आणि शेवटीं महजरावर प्रत्येकाची खूण. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ज्यास अक्षर येत नाहीं त्याचीही संमति कागदावर असे. गांवकुसाबाहेर राहणाऱ्या महाराची साक्ष शिवेच्या तंट्यांत तर फार वजनाची मानीत, कारण शीव त्याच्या पायाखालची. ज्याला बैठकींत शेजारीं बसूं देत नसत त्याच्या शब्दावर गांवची हद्द ठरे, हा विरोध त्या व्यवस्थेच्या पोटांत होता.

या पद्धतीचे दोषही होते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं अहवाल लिहिला. त्यांत त्यानें पंचायतीची दिरंगाई, तिच्या मागें ठाम अधिकार नसणें, हे दोष दाखविले. तरीही लोकांचा तीवर विश्वास आहे म्हणून ती राखावी, असाच त्याचा कल होता. पुढें न्यायालयें आलीं, वकील आले, आणि गोतसभा मागें पडली. न्यायालयांत निकाल कदाचित् अधिक नेटका मिळूं लागला असेल. पण उत्तर देणारा आपल्या गांवच्या तोंडाकडे पाहून बोलत असे, तो आतां न्यायाधीशाकडे पाहून बोलूं लागला.

कळंबहून पुढें गेलें म्हणजे नारायणगांव. तमाशाचें हें माहेर. विठाबाई नारायणगांवकरांचें नांव जेथें मराठी समजते तेथें ठाऊक आहे. चैत्रांतल्या जत्रांपूर्वीं येथें फडांच्या राहुट्या पडतात आणि गांवोगांवचे पुढारी येऊन सुपारी देऊन जातात. सुशिक्षित घरांत तमाशाचें नांव काढलें कीं पुष्कळांच्या कपाळास आठी पडते; परंतु उत्तराचा एक कडक शिष्टाचार याच रंगभूमीनें जपला आहे. तो म्हणजे सवाल-जवाब. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडानें पुराणांतलें कूट गाऊन घातलें कीं दुसऱ्यानें तें गाण्यांतच सोडवावयाचें, आणि शक्य तों त्याच चालींत. आधीं पहिला सवाल फोडावयाचा, मगच आपला नवा घालावयाचा. सवाल टाळून भलतेंच गाणारा शाहीर कितीही गोड गळ्याचा असला तरी प्रेक्षक त्याला सोडीत नाहींत. ढोलकीच्या थापेवर बसलेल्या शेतकऱ्यास वादाचा हा नियम पाठ असतो, आणि व्याख्यानपीठावरच्या पुष्कळ विद्वानांस नसतो, हें नमूद करणें प्राप्त आहे.

छापखाना आला आणि सगळेंच बदललें. १८३२ च्या जानेवारीच्या ६ तारखेस बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें, १८४१ सालीं भाऊ महाजनांचें ‘प्रभाकर’. आतां पत्र एकास लिहावयाचें, पण वाचणार शेंकडों. ते कोण, कोणत्या जातीचे, वयानें मोठे कीं धाकटे, हें ठाऊक नाहीं. मायना कोणता घालणार? मग एक नवी तोड निघाली. प्रतिपक्ष्यास उद्देशून न लिहितां पत्रकर्त्यास उद्देशून लिहावयाचें. ज्याच्याशीं भांडण त्याला ‘ते’ म्हणावयाचें, ज्याला उद्देशून लिहिलें त्याला ‘आपण’. सभेंत अध्यक्षाकडे तोंड करून बोलतात तशीच ही गोष्ट, आणि तिच्यामुळें शब्दांची धार पुष्कळ बोथट होई. दुसरी तोड टोपणनांवाची. गोपाळ हरी देशमुख यांनीं ‘लोकहितवादी’ या नांवानें १८४८ पासून ‘प्रभाकरां’त जीं शतपत्रें लिहिलीं, तीं एकशें आठ भरलीं. सरकारी नोकरींतल्या गृहस्थास आपल्याच समाजाविरुद्ध इतकें कडवट सत्य सहीनें लिहितां आलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. मात्र त्याच पडद्याआडून पुढें अनेकांनीं नुसती चिखलफेकही केली. बुरखा एकच, आंतला माणूस निराळा.

धर्मवादांत तर उत्तरास उत्तर, त्यास प्रत्युत्तर, अशी रांगच लागली. १८३१ सालीं मुंबईंत मोरभट दांडेकरांनीं डॉ. जॉन विल्सन यांच्याशीं वाद केला आणि हिंदुधर्माच्या समर्थनार्थ पुस्तक छापलें; विल्सन यांनीं पुढल्याच सालीं त्यावर आपलें उत्तर छापलें. १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकांठीं पाद्य्रांबरोबर वादास बसत, तेव्हां मोठा समुदाय जमे. त्या वादांचा इंग्रजी वृत्तांत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानें प्रसिद्ध केला. ज्या वर्षीं उत्तर हिंदुस्थानांत तोफा चालू होत्या, त्याच वर्षीं मुंबईच्या वाळूंत दोन धर्मांचे लोक शब्दांनीं झुंजत होते. कोण जिंकलें याबद्दल दोन्ही पक्षांचीं मतें अर्थातच भिन्न आहेत.

तथापि जुनी पोंच देण्याची रीत पाळून नवें सत्य कसें सांगावें, याचा उत्तम नमुना जोतीराव फुले यांच्या एका पत्रांत आहे. १८८५ च्या मे महिन्यांत पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ति रानडे तिच्या पुढाऱ्यांत होते. जोतीरावांस आमंत्रण गेलें. त्यांचें उत्तर ‘ज्ञानोदय’ पत्रानें ११ जूनच्या अंकांत छापलें. आरंभ अगदीं रूढ वळणाचा. आलेल्या पत्राची तारीख, तें पावल्याचा उल्लेख, आनंद झाल्याची नोंद. आणि तेथून तें पत्र वळतें. सर्व मनुष्यांच्या मानवी हक्कांचा जे खरा विचार करीत नाहींत, आपल्या खुशीनें ते हक्क इतरांस देत नाहींत, त्यांच्या सभांशीं व त्यांच्या पुस्तकांशीं आमचा मेळ बसत नाहीं, असा त्याचा आशय. भाषा खरमरीत आहे. कांहीं शब्द तर आमंत्रण देणाऱ्यांस चांगलेच झोंबले असतील. पण जोतीराव गप्प बसले नाहींत, पाठ फिरवून निंदाही करीत बसले नाहींत. बोलावणें आलें होतें, त्याला उत्तर दिलें. ज्यांना शतकानुशतकें उत्तर देण्याचा हक्कच नव्हता त्यांच्या वतीनें तें होतें, म्हणून त्या पत्राचा विनय आणि त्याचा राग, दोन्ही जपून वाचण्यासारखे आहेत.

याच काळांत टिळक व आगरकर यांचा वाद पुण्यास पेटला होता. एका घरच्यासारखे राहिलेले हे दोन मित्र. १८८८ सालीं ‘सुधारक’ निघाल्यावर दोन पत्रांतून एकमेकांस असें बोलले कीं वाचणारे थक्क होत. उत्तराच्या सर्व रीती दोघांसही माहीत होत्या आणि दोघांनींही त्या अनेकदां मोडल्या. १८९५ च्या जूनच्या १७ तारखेस आगरकर वारले. ‘केसरी’ंतला मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. त्या लेखास उत्तर देणारा मात्र उरला नव्हता.

सामान्य माणसाच्या पत्रावर सर्वांत मोठा परिणाम केला तो पैशाच्या कार्डानें. १८७९ च्या जुलैच्या पहिल्या तारखेस पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. एवढ्याशा जागेंत ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ कोठें मावणार? ‘सा. न. वि. वि.’, ‘ति. स्व.’, ‘गं. भा.’ हीं आंखूड रूपें घरोघर झालीं. उत्तर हवेंच असेल तर जोडकार्ड पाठवीत. उत्तराचें कार्ड मूळ कार्डास जोडलेलेंच असे, म्हणजे पलीकडच्यास पैशाची सबब राहत नसे. मुलीच्या सासरीं असें कार्ड गेलें कीं त्याचा अर्थ सर्वांस कळे. आणि ज्या कार्डाचा कोपरा फाडलेला, तें घरांत न नेतां बाहेरच वाचून फाडीत. त्याला उत्तर लिहीत नसत. माणूसच निघून जाई.

चावडीवरच्या बैठकीची जागा आतां ग्रामसभेनें घेतली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखालीं ती भरते. मतदारांच्या शेंकडा १५ किंवा १००, यांपैकीं जो आंकडा कमी, तितकीं माणसें जमल्याशिवाय तिचें काम चालत नाहीं. कोणी काय विचारलें व काय ठरलें, याची नोंद इतिवृत्तांत होते. हाजीर मजालस आजही आधींच लिहिली जाते. तिला उपस्थितीची वही म्हणतात. मुख्य ग्रामसभेच्या आधीं गांवांतल्या बायकांची निराळी सभा घेण्याचा नियम झाला आहे. महजरावर एखाद्या वतनदार विधवेचें नांव क्वचित् सांपडे, पण बैठकींत बसून प्रश्न विचारणाऱ्या बायका त्या कागदांत शोधून सांपडत नाहींत. कळंबसारख्या गांवांत आज पाण्याच्या नळाविषयीं सरपंचास प्रश्न विचारणारी बाई उभी राहते, तेव्हां तिला उत्तर द्यावें लागतें आणि तें वहींत उतरवावें लागतें.